स्कॅटचा काटा, मिठाचं पाणी आणि तीन फुटी टाकी

ताई, तुमची अडचण मला कळली ती अशी: हडपसरच्या फ्लॅटमध्ये तीन फुटी टाकी, तिच्यात दोन गोल्डफिश आणि सहा मॉली. दुकानदाराने "गोड्या पाण्यातलेच आहेत, काहीही खातात" म्हणून दहाच्या नाण्याएवढे चार स्कॅट मासे गळ्यात मारले. आता भाचा म्हणतो हा मासा विषारी असतो. घरात सहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मासे ठेवायचे की परत करायचे? आणि शेजारी म्हणतात तसे काटे नेलकटरने कापले तर चालेल का?

काटे मुळीच कापू नका. कापलेल्या जागी जखम होते, ती चिघळते, आणि मासा जगलाच तर काटा पुन्हा वाढतो. शिवाय कापायला मासा हातात धरावा लागेल, म्हणजे जे टाळायचं तेच हौसेने करायचं.

भाचा बरोबर आहे. स्कॅटच्या पाठीवर दहा-अकरा काटे, शेपटीच्या अलीकडे खालच्या बाजूला चार आणि पोटाखालच्या दोन परांना एकेक. काटा सापाच्या दातासारखा पोकळ नसतो. त्याच्या कडेला बारीक खाच असते, खाचेत विषाच्या पेशी आणि वर कातडीचं पातळ आवरण. काटा रुतला की आवरण फाटतं आणि विष जखमेत उतरतं. हे सगळं निव्वळ बचावासाठी. स्कॅट आपणहून अंगावर येत नाही, आणि खाल्ल्याने कुणाला विषबाधाही होत नाही. कित्येक ठिकाणी तो आवडीने खातात. कोकणातले लोक शिंगाळ्याच्या काट्याला जेवढं जपतात, तेवढंच याला जपायचं.

मला तो एकदा लागलाय. सहा-सात वर्षं झाली. टाकी बदलताना जाळीने मासा उचलला, त्याचे काटे जाळीत अडकले, आणि सोडवायला गेलो तर पाठीवरचा एक काटा उजव्या हाताच्या पहिल्या बोटात गेला. रक्ताचा एक थेंब आला, बस. पण दोन मिनिटांत ठणका कोपरापर्यंत चढला, अगदी दाराच्या फटीत बोट चेमटल्यासारखा आणि दार उघडायला कुणी तयार नसल्यासारखा. शेजारच्या काकू धावत बर्फ घेऊन आल्या. बर्फाने ठणका आणखी वाढला. मग आठवलं की हे विष उष्णतेने निकामी होतं. बादलीत गरम पाणी घेऊन हात बुडवला, वीसेक मिनिटांत जीव भांड्यात पडला. हात बाहेर काढला की ठणका परत. असं करत दीड तास बादलीशी बसून होतो. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी "मासा चावला?" असं दोनदा विचारलं. त्यांचाही दोष नाही, पुण्यात रोज असे पेशंट थोडेच येतात. बोट दोन दिवस सुजलेलं होतं, बाकी काही नाही.

तेव्हा घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. पाणी 40 ते 45 अंशांचं हवं, म्हणजे बाळाच्या अंघोळीपेक्षा थोडं कढत, आणि ते दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासायचं. दुखऱ्या हाताला ठणक्यामुळे चटका कळत नाही आणि विषापेक्षा भाजण्याचं दुखणं मोठं होऊन बसतं. अर्धा ते दीड तास हात पाण्यात. हळद, लिंबू, आवळून बांधणं, चिरा देणं यातलं काहीही नको. नंतर डॉक्टरांकडे जायचंच: काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते पाहायला एक्स-रे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. श्वास लागला, चक्कर आली, तोंड सुजलं तर बादली सोडून थेट हॉस्पिटल.

आणखी एक गोष्ट, जी काट्याइतकी नाट्यमय नाही म्हणून कुणी सांगत नाही. टाकीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूंच्या नात्यातला एक जंतू असू शकतो. हाताला जखम असताना टाकीत हात घातला, तर दोन-चार आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटावर न दुखणारी गाठ येते. माझ्या एका मित्राने ती गजकर्ण समजून महिनाभर मलम लावलं. नंतर औषधं कित्येक महिने घ्यावी लागली. डॉक्टरांना "मी मासे पाळतो" हे वाक्य आपणहून सांगायचं, ते विचारतील याची वाट बघायची नाही.

एवढं विषाचं. खरं सांगायचं तर तुमच्या घरात मला विषाची काळजी कमी वाटते, पाण्याची आणि जागेची जास्त.

स्कॅट हा खाडीचा मासा. लहानपणी तो गोड्या पाण्यात तग धरतो, त्यावरच दुकानदारांचं फावतं. वर्षभरात रंग मळतो, पर झिजतात, अंगावर बुरशी येते, आणि मालकाला वाटतं आपलाच हात वाईट. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1766 मध्ये त्याला 'आर्गस' नाव दिलं, अंगभर ठिपके आहेत म्हणून ग्रीक पुराणातल्या शंभर डोळ्यांच्या राक्षसावरून. आपल्याकडे बारसं झालं असतं तर सहस्राक्ष म्हटलं असतं. पण त्याच्या शास्त्रीय नावाचा पहिला भाग, 'स्कॅटोफॅगस', मात्र 'विष्ठा खाणारा' अशा अर्थाचं आहे. गटारं जिथे खाडीला मिळतात तिथे हा चरतो. त्यामुळे "काहीही खातात" हे दुकानदाराचं एक वाक्य शंभर टक्के खरं. उकडलेले मटार, पालक, दुधी, कोळंबीचा चुरा, सगळं चालतं. टाकीत झाडं असतील तर तीही संपवेल.

खाडीचा मासा म्हटल्यावर पाण्यात मीठ हवंच. पण ते स्वयंपाकाचं नाही, सैंधव नाही, दुकानात मिळणारं 'टॉनिक सॉल्ट'ही नाही. समुद्री टाकीसाठीचं सी सॉल्ट लागतं, कारण त्यात पाण्याचा पीएच (आम्लपणा किंवा अल्कपणा) धरून ठेवणारे क्षार असतात. लिटरला साधारण नऊ ग्रॅम टाकलं की हायड्रोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं साधन, 1.005 दाखवतो. तुमच्या टाकीत काच-वाळू वजा जाता 160 लिटर पाणी धरलं तर एकूण दीडेक किलो. पण एकदम नाही. फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू दगावतात, त्या घाणीतला विषारी अमोनिया चढतो आणि मासे जातात. दर रविवारी 40 लिटर पाणी बदला आणि नव्या पाण्यात पहिल्या वेळी 300 ग्रॅम मीठ बादलीतच विरघळवा, टाकीत कधीच थेट टाकू नका. पुढच्या रविवारपासून काढलेल्या पाण्याबरोबर थोडं मीठही जातं, तेवढं वाढवून घ्या. आठवड्याला हायड्रोमीटरचा आकडा 0.001 ने सरकला की पुरे. मासे मोठे होतील तसं 1.010 च्या पुढे न्यायचं. पाण्याची वाफ झाली की साधं पाणी घाला, मीठ उडून जात नाही. (मी पहिल्या उन्हाळ्यात हीच चूक केली, मे महिन्यात माझ्या टाकीचा समुद्र झाला होता.)

टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी, ज्याला आपण एरवी शिव्या देतो, ते स्कॅटला मानवतं. नळाचं असेल तर क्लोरिन काढायचं औषध आधी. गुरुवारी पुष्कळदा पाणी बंद असतं आणि वीजही जाते, म्हणून एक ड्रम भरलेला आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत 150 वॅटचा हीटर लागेलच.

मॉली या खारटपणात खूश राहतील. गोल्डफिशची मात्र आत्ताच वेगळी सोय करा.

आता जागा. स्कॅट वीस-पंचवीस सेंटिमीटर सहज होतो, त्याहून मोठेही होतात, आणि तो कळपात राहणारा, म्हणून एकटा ठेवायचा नाही. चार मोठ्या स्कॅटना सहा फुटी टाकी लागते. पाचशे-सहाशे लिटर पाणी म्हणजे अर्ध्या टनाच्या वर वजन, काच आणि स्टँड वेगळं. फ्लॅटमध्ये ती बीमवर, भिंतीला लागून ठेवावी लागते, गॅलरीत नाही. येत्या वर्षभरात हे जमणार नसेल तर चौघेही आत्ताच परत करा. आत्ता दुकानदार घेईल, वीतभर झाल्यावर तोंड फिरवेल. आणि कंटाळून मुठा नदीत किंवा तळ्यात सोडायचा विचारही नको. घरच्या टाक्यांतून बाहेर गेलेल्या सकर माशाने उजनी धरणात काय केलंय ते मासेमारांना विचारा.

ठेवायचं ठरलं तर मुलीसाठी एकच नियम: टाकीत हात नाही. स्कॅट फार माणसाळतो. तुम्ही समोर आलात की चौघेही काचेशी गर्दी करतील आणि मुलीला हातावरून खाऊ द्यावासा वाटेल. तेव्हाच धक्का बसून काटा लागतो. झाकणाला क्लिपा लावा, खाणं लांब चिमट्याने घाला. काच पुसायला चुंबकाचा ब्रश घ्या. हात घालावाच लागला तर आधी ॲक्रिलिकची शीट मध्ये सरकवून मासे एका बाजूला करा. रबरी हातमोज्यांवर विसंबू नका, काटा त्यातून आरपार जातो. मासा पकडायचा तर जाळी नाही, प्लास्टिकचा मोठा डबा पाण्यात बुडवून त्यात हाकायचा.

मिठाआधी आजच्या पाण्याचा पीएच आणि अमोनिया मोजून इथे टाका. अमोनिया शून्य नसेल तर या रविवारी मीठ नाही, नुसतं पाणीच बदला. माझ्याकडे जुना हायड्रोमीटर पडून आहे, हवा असेल तर सांगा.