गडग्यावरचं, म्हणजे दगडी कुंपणावरचं, मॉस आणि तिथेच उगवणारा तेरडा, दोन्ही हिरव्या वनस्पतीच. मग फरक नेमका कशात?

मॉसला मुळं नाहीत, फुलं नाहीत हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच.

तेरड्याच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या आणि अन्न वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या असतात, म्हणून तो हातभर उंच वाढतो. मॉसमध्ये अशा खऱ्या वाहिन्या नसतात. मूलाभांनी, म्हणजे मुळांसारख्या दिसणाऱ्या बारीक धाग्यांनी, ते फक्त जांभ्या दगडाला धरून राहतं, पाणी बहुतेक सगळ्या अंगानं शोषतं. पानं बहुतांशी एका पेशीच्या जाडीची. म्हणून ते बुटकं राहतं आणि मे महिन्यात करपल्यासारखं दिसतं. पहिल्या पावसात तेच पुन्हा हिरवं होतं. तेरडा मात्र वाळला की संपला, पुढच्या वर्षी बी रुजायला हवं.

खरी गंमत जीवनचक्रात आहे. मॉसचा जो हिरवा गालिचा दिसतो त्याच्या पेशींत गुणसूत्रांचा एकच संच असतो. दोन संच असलेली पिढी म्हणजे त्यावर उभी राहणारी बारीक दांडी आणि टोकाची बीजाणूंची (ज्यांतून नवं मॉस उगवतं त्या सूक्ष्म कणांची) कुपी. ती पोषणासाठी हिरव्या भागावरच अवलंबून. तेरड्यात बरोबर उलट. गौरीला आपण आणतो ते अख्खं झाड दोन संचांचं, आणि एक संचाची पिढी आक्रसून परागकणात व बीजांडात लपलेली.

मॉसच्या पुंयुग्मकाला, म्हणजे नर पेशीला, अंडपेशीपर्यंत पोहत जावं लागतं, त्यासाठी पाण्याचा पातळ थर लागतोच. तेरड्यात परागकण पोचवायचं काम कीटक करतात. पुढच्या पावसाळ्यात भिंग घेऊन गडग्यापाशी बसा, कुप्या सापडू शकतील.