आधी एक मृग पक्का कर, बाकीचं आकाश मग

अगं, तुझा मेसेज वाचला. तारे ओळखायचं ॲप टाकलंस, मोबाईल वर धरला की सगळी नावं दिसतात आणि खिशात ठेवला की परत नुसते ठिपके, असं म्हणतेस ना? होणारच तसं. ॲप नाव सांगून मोकळं होतं, शोधायला लावत नाही, आणि डोक्यात बसतं ते आपण शोधलेलंच. महिनाभर बाजूला ठेव ते. डिलीट नको करू, शंका आली तर शेवटी ताडून बघायला बरं पडतं.

आणि ८८ तारकासमूहांची यादी पाठ करायच्या भानगडीत अजिबात पडू नकोस. एकच पकड, मृग. डिसेंबर संपत आला की रात्री नऊच्या सुमाराला गच्चीवर जा आणि पूर्वेकडे तोंड करून बघ, साधारण अर्ध्या उंचीवर तीन तारे एका ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर. तो बाण. भोवती मोठ्या चौकोनात चार तारे, ते हरणाचे पाय. पूर्वेला असताना हा चौकोन आडवा कललेला असतो आणि बाण बराचसा उभा, पुस्तकातल्या चित्रात मात्र सगळं सरळ काढलेलं असतं, म्हणून नवीन माणूस हमखास गोंधळतो.

आता बाणाची रेघ मनातल्या मनात खाली क्षितिजाकडे वाढव, तिथे लखलखतोय तो व्याध, ग्रह सोडले तर रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तीच रेघ उलटी वर ने, तांबूस रोहिणी लागेल, आणि तशीच पुढे गेलीस की कृत्तिकांचा छोटा पुंजका. शहरातून तो धुरकट डागासारखा दिसतो, चांगल्या अंधारात सहा तारे सुटे मोजता येतात. गोष्टही याच रेघेवर आहे बघ, रोहिणीच्या मागे लागलेला हरणाच्या रूपातला प्रजापती, आणि व्याधाने सोडलेला बाण त्याच्या अंगात रुतलेला. गोष्ट लक्षात राहिली की चारही नावं आपोआप जागेवर बसतात.

मग रंग बघ. चौकोनाच्या एका कोपऱ्यातला काक्षी तांबूस, समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. ही सवय लागली की फायदा कळतो, २०१९च्या शेवटापासून फेब्रुवारी २०२० पर्यंत काक्षी इतका मंदावला होता की रोहिणीपुढे फिका वाटायचा, आणि ते समजायला दुर्बीण लागत नव्हती, रोजचा मृग ओळखीचा असला की पुरे होतं. (ताऱ्याने बाहेर टाकलेल्या धुळीमुळे झालं होतं ते.)

आई विचारेल, मृग तर जूनमध्ये लागतो ना? बरोबर आहे तिचं. ७-८ जूनला सूर्य मृगात जातो, म्हणून तर तेव्हा तो रात्री दिसत नाही. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास, त्यामुळे तोच मृग ऑगस्टमध्ये पहाटे पूर्वेला येतो, ढगांनी दिसू दिला तर.

आणि एक भारी साधन तुझ्या स्वयंपाकघरातच टांगलेलं आहे, कालनिर्णय. त्यात रोजचं नक्षत्र देतात ना, ते चंद्राचं. चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र सरकतो. समजा रोहिणी लिहिलंय, तर रात्री चंद्राच्या आसपास तांबूस ठळक तारा शोध, तीच ती. फक्त नक्षत्र किती वाजेपर्यंत आहे ते बघून घे. मघा, चित्रा, ज्येष्ठा अशाच सापडतील, चंद्रप्रकाशातही टिकतात त्या. कृत्तिका पौर्णिमेच्या उजेडात बुडून जातात. महिन्यांची नावंही इथूनच आलीत, चैत्राची पौर्णिमा चित्रापाशी, माघाची मघापाशी. मला विचारशील तर हे ॲपपेक्षा कितीतरी पटीने चांगलं शिकवतं.

सप्तर्षी एप्रिल-मेमध्ये बघ, आत्ता संध्याकाळी शोधून उपयोग नाही. त्यांच्या चौकोनाच्या पुढच्या कडेचे पुलह आणि क्रतू हे तारे जोडून ते अंतर क्रतूच्या पुढे पाचपट नेलं की ध्रुव. तो सगळ्यात तेजस्वी असतो ही निव्वळ अफवा आहे हां, अगदी साधा दिसतो. पुण्या-मुंबईहून उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर, हात लांब करून मूठ धरलीस की एक मूठ म्हणजे अंदाजे १० अंश. सप्तर्षींच्या शेपटीतल्या मधल्या वसिष्ठाशेजारी बारीक अरुंधती दिसते का तेही बघ.

बाकी, तारा लुकलुकत नसेल तर बहुतेक ग्रह असतो, ताऱ्यांच्या नकाशात नाही म्हणून घाबरू नकोस. अंधारात गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटं मोबाईल बघायचा नाही, टॉर्चला लाल जिलेटिन लाव. नकाशा डोक्यावर धरून वाचायचा, कारण त्यात पूर्व-पश्चिम उलट्या छापलेल्या असतात. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम असतात, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, पण मृग पक्का झाल्यावरच जा, नाहीतर एका रात्रीत पन्नास नावं ऐकून सकाळी एकही आठवणार नाही.

मेमध्ये कोकणात जाणारच आहात ना, तर महिन्याच्या मध्याला रात्री नऊच्या आसपास दक्षिण क्षितिज मोकळं दिसेल अशी जागा धर आणि खाली त्रिशंकू हा तारकासमूह शोध. मुंबईत इमारतींमुळे तो मिळायची मारामार. दिसला तर त्याच्या डावीकडचे दोन ठळक तारे कोणते, ते मला विचारायच्या आधी तूच नकाशात काढ.