चटणीचा डबा लांब ठेवा!

प्रश्न: ताई, शनिवारी मिस्टरांच्या ऑफिसातले जैन पाहुणे जेवायला येणारेत, एकदम कडक पाळणारे. आमच्यात कांदा-लसूण चटणीशिवाय पान हलत नाही, रस्सा कशाचा करू?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: अगं टेन्शन कशाला, आख्खा मसूर कर की! चटणीऐवजी साधं लाल तिखट घे, सुकं खोबरं आणि तीळ खरपूस भाजून टोमॅटोबरोबर वाट, हिंग जरा सढळ हातानं टाक, ओलं आलं नको पण सुंठ बहुतेकांना चालते, मग बघ तर्री कशी येते. बटाटा, गाजर, मुळा, बीट बाद, बरेच जण वांगंही खात नाहीत, मोड आलेली मटकीही नको म्हणजे मिसळ कॅन्सल. भाजीला कच्ची केळी बेस्ट. मसुराबरोबर दही-ताक ठेवू नकोस, कडक पाळणाऱ्यांना कडधान्यासोबत कच्चं दही चालत नाही, हे आपल्या लक्षातच येत नाही बघ. खरी गोची वेळेची, सूर्यास्ताआधी जेवण उरकायला लागतं, म्हणजे पाचलाच पानं वाढ. आणि चातुर्मास असेल तर पालेभाजीचं आधी फोनवर विचार, घराघरात फरक असतो.