मध्यरात्रीच्या प्रीमियरआधी

टोरांटो चित्रपट महोत्सवाच्या ‘मिडनाइट मॅडनेस’ या मध्यरात्रीच्या विभागात तुझी हॉरर-कॉमेडी निवडली गेली, मनापासून अभिनंदन! १९८८ पासूनचा हा विभाग. २०१८ मध्ये तिथला प्रेक्षक पुरस्कार एका हिंदी सिनेमाला मिळाला होता, तेव्हा बिचकू नकोस. पडद्यावर पायरसीविरोधी सूचना झळकली की अख्खं थिएटर चाच्यांसारखं ‘आर्र’ ओरडतं. असला प्रेक्षक मोकळेपणाने हसतो, आणि खरी गोची तिथेच आहे. माझ्या पहिल्या शोला एवढा हशा उसळला की भुताचं रहस्य सांगणारं पुढचंच वाक्य त्यात बुडालं. अजून जीव हळहळतो. मोठ्या विनोदानंतर दोन-तीन सेकंद मोकळे सोड, नुसता दाराचा करकर आवाज चालू दे. आणि दुपारीच थिएटरात जाऊन आवाजाची पातळी स्वतः तपास.