गावात फायबर ब्रॉडबँड सुरू करायचंय, ओएलटी विकत घ्यावं की भाड्याने?

सुरुवातीला शंभर-दीडशे जोडण्याच मिळतील असं वाटत असेल, तर ओएलटी, म्हणजे सगळ्या घरांच्या फायबर जोडण्या चालवणारं आपल्या बाजूचं मुख्य यंत्र, भाड्याने घ्या. जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटून देणारं तंत्रज्ञान) वापरलं तर यंत्राच्या एका पोर्टवर 1:64 स्प्लिटरने, म्हणजे एका फायबरचा प्रकाश 64 वाटांत विभागणाऱ्या डबीने, 64 घरं चालतात, म्हणजे आठ पोर्टांच्या यंत्राची क्षमता 512 घरांची. एवढी क्षमता विकत घेऊन ती रिकामी ठेवण्यात भांडवल अडकतं.

केबल, स्प्लिटर मात्र स्वतःचे असू द्या; फायबर वीसेक वर्षं सहज टिकते. तालुक्यापासून गावापर्यंत भारतनेटची (गावोगावी फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेची) डार्क फायबर, म्हणजे टाकलेली पण वापरात नसलेली फायबर, भाड्याने मिळते का, हे आधी विचारा. नाहीतर तिथपर्यंत स्वतः खांब टाकण्याचा खर्चच माणसाला बुडवतो.

करार वाचताना एकच गोष्ट तीनदा वाचा: वीज पडून किंवा व्होल्टेज वाढून यंत्र जळालं तर भरपाई कोणाची? पावसाळ्यात हे होतंच. बदली यंत्र किती तासांत मिळेल, तेही लेखी घ्या.

आणि स्वस्तात मिळतंय म्हणून कुठलंही जुनं यंत्र उचलू नका. 15 जून 2021 पासून दूरसंचार परवानाधारकांना जाळ्यात नव्याने जोडायची उपकरणं ‘विश्वसनीय स्रोतां’कडूनचीच, म्हणजे सरकारने मान्य केलेल्या स्रोतांकडूनचीच, घ्यावी लागतात. तुम्ही फ्रँचायझी असाल, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या परवान्यावर काम करत असाल, तर मूळ कंपनीला विचारूनच सही करा.

ग्राहकाघरच्या ओएनटीसाठी (फायबर जिथे जोडतात त्या डब्यासाठी) अनामत रक्कम घ्याच.