रोजच्या 40 किलोमीटरसाठी नवी डिझायर घ्यावी का?

चिंचवडहून खराडीला नोकरीसाठी रोज येऊन-जाऊन 40 किलोमीटर, घरी पत्नी, शाळकरी मुलगा आणि गुडघेदुखी असलेल्या आई, सुट्टीत सांगलीला जाणे, आणि ऑन-रोड (वाहनकर, विमा, नोंदणी धरून) 10 लाखांची मर्यादा. अशा परिस्थितीत मारुतीची नवी डिझायर घ्यावी का, आणि घ्यायची तर साधी पेट्रोल मॅन्युअल, एएमटी (क्लचशिवाय आपोआप गिअर बदलणारी पेट्रोल गाडी) की सीएनजी, असे आपण विचारले आहे. मी पुण्यातच पेट्रोल मॅन्युअल डिझायर चालवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गाडी आपल्या गरजेला योग्य आहे. खरा विचार करावा लागेल तो कोणता प्रकार घ्यायचा याचा.

मायलेजबद्दल प्रथम. कंपनीचे आकडे मॅन्युअलला लिटरमागे 24.79, एएमटीला 25.71 आणि सीएनजीला किलोमागे 33.73 किलोमीटर असे आहेत. आतापर्यंतच्या पद्धतीत हे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून आणि वेग ताशी 90 किलोमीटरच्या आत राखून काढले जातात, त्यामुळे ते दोन गाड्यांची तुलना करण्यास उपयोगी पडतात, पण महिन्याच्या खर्चाचा अंदाज त्यांवरून बांधू नये. माझ्या वापरात एसी चालू ठेवून शहरातील गर्दीत 16 ते 17 आणि महामार्गावर 80-90 च्या वेगाने 21 ते 22 किलोमीटर पडतात. हे मी डिस्प्लेवरील आकड्यावर विसंबून सांगत नाही. पंपावर पहिल्या ऑटो कटला (नोझल आपोआप बंद होते तेव्हा) थांबून टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, निम्म्याहून अधिक टाकी संपली की त्याच पंपावर त्याच नोझलने पुन्हा पहिल्या ऑटो कटपर्यंत भरायचे आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचे. मुलाखतीसारखे चार जणांना "ॲव्हरेज किती देते?" विचारत बसण्यापेक्षा हा हिशेब कितीतरी विश्वसनीय आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉलमध्ये त्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, हेही अपेक्षा ठरवताना लक्षात घ्यावे.

आपला महिन्याचा वापर सुमारे 1000 किलोमीटर होईल. लिटरमागे 16 किलोमीटर आणि पेट्रोलचा दर 104 रुपये धरल्यास खर्च साधारण 6500 रुपये येतो. सीएनजीवर किलोमागे 24 किलोमीटर आणि दर 90 रुपये धरल्यास तोच खर्च 3750 रुपयांवर येतो, म्हणजे महिन्याला 2750 रुपये वाचतात. नोव्हेंबर 2024 मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा व्हीएक्सआय या खालून दुसऱ्या प्रकारात पेट्रोल मॅन्युअलची एक्स-शोरूम किंमत 7.79 लाख, एएमटीची 8.24 लाख आणि सीएनजीची 8.74 लाख होती. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्यामुळे किमती उतरल्या आहेत, तरी प्रकारांमधील अंतराचा अंदाज यावरून येतो. मॅन्युअलपेक्षा सीएनजीसाठी दिलेले जास्तीचे 95 हजार आपल्या वापरात तीन वर्षांच्या आत वसूल होतील. महाराष्ट्रात सीएनजी गाडीला पेट्रोलपेक्षा वाहनकरही कमी लागतो. निव्वळ पैशाचा हिशेब केला तर कौल सीएनजीच्याच बाजूने जातो.

तरीही मी आपल्या जागी असतो तर एएमटी घेतली असती. डिझायरमध्ये सीएनजीबरोबर ऑटोमॅटिक गिअर मिळत नाही, आणि येरवड्यापासून पुढे संध्याकाळच्या बंपर-टू-बंपर गर्दीत पहिला-दुसरा, पुन्हा पहिला असे करत डावा पाय जो थकतो, तो थकवा कोणत्याही हिशेबात धरला जात नाही. शिवाय पेट्रोल गाडीची डिकी 382 लिटरची असली तरी सीएनजीत तिचा मोठा भाग सिलिंडर व्यापतो. सांगलीला जाताना दोन मोठ्या बॅगा आणि आईंचे सामान कुठे ठेवणार, हा प्रश्न दर सुट्टीत उभा राहील. सीएनजीवर इंजिनची शक्ती 82 वरून 70 पीएसपर्यंत (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे एकक) उतरते, ती चार माणसे आणि सामान घेऊन खंबाटकीचा घाट चढताना जाणवते. पंपावरील रांग आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी या गोष्टी वेगळ्याच. मात्र घरखर्चात महिन्याचे 2750 रुपये महत्त्वाचे असतील आणि आपल्या रोजच्या वाटेवर कमी गर्दीचा सीएनजी पंप असेल, तर सीएनजी जरूर घ्यावी. तो निर्णय मुळीच चुकीचा ठरणार नाही.

एएमटीविषयी एक सूचना. गिअर बदलताना गाडी क्षणभर ओढ सोडते आणि मान किंचित पुढे जाते. गिअर बदलण्याच्या वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा हलका केला की हा झटका जवळजवळ नाहीसा होतो, आणि हे अंगवळणी पडायला फार दिवस लागत नाहीत. ज्यांना हे अजिबात नको असेल त्यांच्यासाठी होंडा अमेझचा सीव्हीटी (गिअरचे टप्पे नसलेला ऑटोमॅटिक) अधिक मुलायम आहे, तिचे चार सिलिंडरचे इंजिनही अधिक शांत आहे आणि डिकी 416 लिटरची आहे. पण तिचे प्रमाणित मायलेज 19.46 आहे आणि सीव्हीटीची किंमत आपली मर्यादा ओलांडण्याची शक्यता आहे. डिझायरचे इंजिन तीन सिलिंडरचे असल्यामुळे सिग्नलला उभे असताना हलकी थरथर जाणवते. चालू गाडीत ती लक्षातही येत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत मला ही गाडी मनापासून आवडते. सर्व प्रकारांत सहा एअरबॅग आहेत, आणि गाड्या धडकवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत प्रौढांच्या संरक्षणासाठी पाच तर मुलांसाठी चार तारे मिळाले आहेत. स्वस्त गाडीत सुरक्षितता कमीच असणार, हे गृहीत धरण्याचे दिवस गेले, याचे मला खरोखर समाधान आहे. सनरूफसाठी सर्वांत वरच्या प्रकारावर पैसे घालू नयेत. मागच्या सीटसाठी एसीचे व्हेंट व्हीएक्सआयमध्येच मिळतात आणि आपल्या आईंना उपयोग त्यांचाच होईल.

टेस्ट ड्राइव्ह मात्र एकट्याने घेऊ नका. चौघांनाही बसवा, एसी चालू ठेवा आणि शक्य असल्यास आपल्या सोसायटीच्या तळघराचा रॅम्प चढून पाहा. ग्राउंड क्लिअरन्स 163 मिलिमीटर आहे, त्यामुळे भरलेल्या गाडीचा तळ तिथे किंवा एखाद्या उंच गतिरोधकाला घासतो का, ते आधीच कळेल. नंतर आईंना मागच्या सीटवरून कोणाच्याही मदतीशिवाय दोन-तीन वेळा उतरायला सांगा. सेडानची सीट खाली असते. दाराच्या चौकटीला धरून उठताना त्यांच्या गुडघ्यावर ताण येत असेल, तर मायलेज आणि डिकी दोन्ही बाजूला ठेवून वॅगनआरसारखी उंच बैठकीची गाडी पाहावी.