गाडी नदीत सापडली, भाऊ नाही

प्रश्न : माझा मोठा भाऊ चौदा महिन्यांपासून बेपत्ता आहे. मिसिंगची तक्रार तेव्हाच दिली. गेल्या आठवड्यात नदीचं पाणी ओसरल्यावर त्याची गाडी सापडली, आत कुणी नव्हतं. घरात कुणी अपघात म्हणतं, कुणी आत्महत्या. माझा संशय त्याच्या भागीदारावर आहे आणि तसं मी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलंही. त्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल होईल का? वहिनीला मृत्यूचा दाखला कधी मिळेल?

उत्तर : ग्रुपवर यापुढे एक अक्षरही लिहू नका. तोच संशय पोलिसांकडे सद्‌भावनेनं मांडलात तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. चारचौघांत मांडलात तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामीची फिर्याद तुमच्यावरच होऊ शकते.

आता गाडीकडे वळू. गिअर कोणता होता? किल्ली लागलेली होती का? काचा खाली होत्या की वर? सीटबेल्ट अडकवलेला होता का? आणि ड्रायव्हरची सीट किती मागे होती? भाऊ उंच आणि सीट मात्र स्टिअरिंगला चिकटलेली, असं असेल तर शेवटी गाडी कोण चालवत होतं, हा प्रश्न रास्त ठरतो. पण गिअर न्यूट्रलला दिसला म्हणून ‘ढकललीच’ असं म्हणू नका. गाडी ओढून काढताना न्यूट्रल करतात. प्रवाहानं काचाही फुटतात. म्हणून गाडी पाण्यात असतानाचे फोटो कुणाकडे आहेत ते आजच शोधा. मासेमारी करणाऱ्यांपासून क्रेनवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारा.

गाडी सोडवून आणायची घाई तर अजिबात नको. माझ्या एका अशिलानं गाडी सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितली तेव्हा हजर करायच्या लेखी हमीवर, घेतली आणि त्याच संध्याकाळी धुऊन काढली. गाळाबरोबर काय गेलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पोलीस निरीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या : पंचनाम्याची प्रत मिळावी, गाडीची न्यायवैद्यक तपासणी व्हावी, भावाच्या मोबाइलचे कॉल रेकॉर्ड मागवावेत. कंपन्यांना हे रेकॉर्ड किमान 2 वर्षं ठेवावे लागतात. तुमचे चौदा महिने गेलेत.

मृतदेह नसला तरी खुनाचा खटला चालू शकतो, पण परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी लागते. फिर्यादीत ‘भागीदारानं मारलं’ असं लिहू नका. शेवटची भेट, पैशांचा वाद, तारखा, कुणी काय पाहिलं एवढंच लिहा. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

दाखल्याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 प्रमाणे 7 वर्षं ज्याची खबरबात नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते; तसं सिद्ध झालं नाही तर मृत्यू गृहीत धरला जातो. त्याआधीही वहिनी दिवाणी न्यायालयात जाऊ शकतात, पण मृत्यूचा पुरावा द्यावा लागेल आणि नुसती रिकामी गाडी त्याला पुरणार नाही. शिवाय 7 वर्षांनंतरही गृहीत धरला जातो तो मृत्यू, त्याची तारीख नव्हे. आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2004 मध्ये हेच सांगितलं. मधल्या काळात हप्ते थकल्यानं तिथं विम्याच्या पूर्ण रकमेचा दावा टिकला नाही. भावाची पॉलिसी असेल तर शेवटचा हप्ता कधी भरला, हे वहिनीला आज रात्रीच विचारा.